मधला देश

माझा देवावर विश्वास आहे, पण मध्ये गाडी बदलायची असेल तर मी वेळापत्रकावर जास्त विश्वास ठेवते, असं आमचे हे चारचौघांत सांगतात आणि सगळे खो खो हसतात. सत्त्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात मात्र मला हसायचीही फुरसत नव्हती. आई साताऱ्याहून दादाकडे व्हिएन्नाला आली होती. तिथून पुढे शिकागोपर्यंत यायला डॉक्टरांनी तिला साफ मनाई केली होती. तिला पाहून मला सहा वर्षं झाली होती आणि जुलैअखेर ती परत जाणार होती. म्हणजे भेट व्हायची तर तिथेच, आणि तेव्हाच. "या खेपेला नाही जमलं, तर..." एवढंच बोलून दादानं फोनवर विषय बदलला होता. ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

स्वस्त विमान मिळालं ते पॅरिसपर्यंतचं. तिथून पुढे रेल्वेनं जायचं ठरलं. त्यासाठीचा रेल पास युरोपात मिळत नसे, निघण्याआधी अमेरिकेतच घ्यावा लागे. एक पास घेतला की डझनभर देशांत कुठेही बसा, कुठेही उतरा. मला तर हरखून गेल्यासारखं झालं. लायब्ररीतून जाडजूड टाइमटेबल आणलं, नकाशा डायनिंग टेबलवर पसरला, आणि महिनाभर आम्ही किचनच्या ओट्याशी उभ्यानं जेवलो. नेहा, आमची मुलगी, म्हणायची, "मॉम, इट्स जस्ट अ ट्रेन!" पण मी हट्टाला पेटले होते. पॅरिसहून सकाळी निघून रात्रीपर्यंत व्हिएन्नाला पोचवणारी गाडी मी शोधून काढली, सीट रिझर्व्ह केल्या. फ्रान्सचा व्हिसा आला, ऑस्ट्रियाचं कामही झालं. सगळं कसं जिथल्या तिथे. आणि तरी मन शांत नव्हतं. सकाळी दत्तमहाराजांपुढे हात जोडले की ओठांवर स्तोत्र आणि डोक्यात प्लॅटफॉर्म. आपण देवाला खरंच काही सोपवलंय का, की नुसता उदबत्तीचा धूर करतोय, अशी शंका यायची.

गुरुवारी मला हॉस्पिटलमधून सुट्टी असे. त्या दिवशी महाराजांना नैवेद्य करायचा, आणि दुपारी दारात कुणी आलंच तर त्याला विन्मुख पाठवायचं नाही, ही आईची शिकवण. महाराज भिक्षेला कुठल्या रूपात येतील याचा नेम नाही, असं तिचं म्हणणं. आता आमच्या या उपनगरात भर दुपारी भिक्षेला कोण येणार? इथे शेजारीसुद्धा फोन केल्याशिवाय येत नाहीत. पण एका गुरुवारी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेली एक गोरी बाई, हातात क्रीम-लिपस्टिकची भलीमोठी बॅग, उन्हानं चेहरा लालबुंद. मनात आलं, झालं, आता हिचं अर्धा तास पुराण ऐका! "नो, थँक यू" अगदी जिभेवर आलं होतं. पण नैवेद्याचं ताट नुकतंच दाखवून झालं होतं. मी निमूटपणे दार उघडलं आणि म्हटलं, "या, आत या. आधी दोन घास खाऊन घ्या."

बाई गडबडलीच. पण पाय दुखत असावेत, बसली. डोरोथी तिचं नाव. टेबलवर जागा नव्हती, म्हणून नकाशा थोडा सरकवून मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि शिरा वाढला. वरण तिनं सूप समजून चमच्यानं प्यायलं, आणि शिरा खाल्ल्यावर डोळे मिटून म्हणाली, "ओ माय!" आयुष्यात ती इलिनॉयच्या बाहेर पडली नव्हती. मग काय, मला ऐकणारं माणूसच मिळालं. मी नकाशावर बोट ठेवून तिला आमची गाडी दाखवू लागले. हे पॅरिस, हे व्हिएन्ना, इथे माझी आई.

"आणि हा मधला एवढा मोठा देश कुठला?" तिनं विचारलं.

"जर्मनी. पण तिथे आम्ही उतरणारच नाही."

"बरं," ती शिऱ्याचा शेवटचा घास घेत म्हणाली, "पण तुम्ही उतरणार नाही, हे त्यांना कसं कळणार?"

मी हसले. आणि हसता हसताच लक्षात आलं. घरात हे आणि नेहा दोघांचे पासपोर्ट अमेरिकन, माझा एकटीचा भारतीय. पासावर जर्मनीचं नाव छापलेलं होतं, म्हणून मी तोच परवाना धरून चालले होते! गाडीचा पास म्हणजे देशात शिरायची परवानगी नव्हे, एवढी साधी गोष्ट मला, चांगल्या शिकलेल्या डॉक्टर बाईला, सुचली नव्हती. डोरोथीच्या देखतच ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "तुमचा पासपोर्ट इंडियन आहे? मी समजत होतो तुम्ही सगळेच सिटिझन! मग व्हिसा लागेल. नाहीतर बॉर्डरवर उतरवतील."

त्या दुपारी देवापुढे बसले आणि ढसाढसा रडले. भीतीनं थोडं, पण जास्त करून सुटकेनं. निघायला अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवशी शिकागोला जाऊन अर्ज दिला आणि महिन्याभरात पहिल्यांदाच टाइमटेबल मिटून ठेवलं. मनात म्हटलं, महाराज, माझी अक्कल इथे संपली. त्या रात्री मला गाढ झोप लागली. निघायच्या आधी व्हिसासह पासपोर्ट हातात आला.

जर्मनीच्या हद्दीवर खरंच गणवेशातला एक माणूस डब्यात चढला. नेहाचा पासपोर्ट त्यानं उघडलाही नाही. माझा मात्र पानोपान चाळला, व्हिसा दिसल्यावर शिक्का मारला आणि मान हलवून पुढे गेला. ह्यांनी तेवढ्या वेळात माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

दादाच्या घरी आई दारातच उभी होती. वाळून एवढीशी झाली होती. मिठीत घेतलं तर मला तिचं वजनच जाणवेना. दुसऱ्या दिवशी तिच्या पायांना तेल लावता लावता मी तिला सगळी हकिगत सांगितली. वाटलं, आई हात जोडेल, महाराजच आले होते गं म्हणेल. तिनं एवढंच विचारलं, "पोटभर जेवली का ती?"

"दोनदा शिरा घेतला."

"मग झालं," आई म्हणाली आणि दुसरा पाय पुढे केला.

डोरोथी पुढेही यायची. कधी गुडघ्यांची तक्रार, कधी नातवाचे फोटो. ती कोण होती, असं लोक विचारतात. मी सांगते, क्रीम विकणारी बाई होती. त्याहून जास्त मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. आई पुढच्याच हिवाळ्यात गेली. मी विमानतळाकडे निघायच्या आतच घरी फोन आला, त्यामुळे तिचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. पण त्याचं दुःख मला जाळत नाही, कारण त्या उन्हाळ्यातले दहा दिवस मी तिचे पाय चेपले होते, तिची वेणी घातली होती, तिच्या कुशीत झोपले होते. ते मला मिळालं, आणि ते माझ्या हुशारीनं मिळालेलं नव्हतं. प्लॅन मी अजूनही करते, महाराज, तो स्वभाव जायचा नाही. फक्त करून झाला की म्हणते, यात काय राहिलंय ते मला दिसत नाही, तुम्ही बघा.