हजर म्हण

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी चादर पिळली. जाड चादर, एकट्या माणसाला पिळवत नाही. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. ती ज्या अंगाला पीळ घालायची त्याच अंगाला मीही फिरवायचो, मग चादर नुसतीच गिरकी घ्यायची आणि पाणी काही निघायचं नाही.

"अहो, उलटं फिरवा की. अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून शिकला नाही तुम्ही."

"तूच फिरव उलटं."

"साकु, साकु! पुरे की! फाडता काय आता?"

चादर दोरीवर टाकली. ती पायरीवर बसली, म्हणाली, चक्कर आल्यासारखं होतंय. मी पाणी आणायला आत गेलो. तांब्या भरून बाहेर आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली होती, पण नव्हती. रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. तांब्या माझ्या हातातच होता हे मला तिथं कळलं.

मी रायापूरला राहतो, कानडी मुलखात. गोकुळ रोडवरच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. शाळा तिसरीपर्यंत. लिहितो ते असंच वेडंवाकडं. आम्हाला मूल नाही. बायकोच्या पाठची एक बहीण, मळमड्डीत एकटी राहते. लग्न केलं नाही तिनं. शाळेत शिक्षिका होती, म्हणून मीही तिला बाई म्हणतो. तेवढीच आमची.

बाई दुपारी आली. बायका अंघोळ घालत होत्या, मी दाराबाहेर उभा. आतून बाईचा आवाज आला. हाका मारत होती. पण हाक कुणाला, तर स्वतःलाच! तिच्या गेटच्या पाटीवर जे नाव आहे, ते नाव घेऊन माझ्या बायकोच्या कानाशी ओरडत होती. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. बहीण गेल्याच्या धक्क्यानं फिरतं माणसाचं. शेजारणीही एकमेकींकडं बघायला लागल्या.

अग्नी मीच दिला. दिवेलागणीला घरी आलो, मंडळी उठून गेली. बाई चुलीच्या खोलीत उंबऱ्यावर बसली होती. मी म्हटलं, "बाई, मघाशी काय गं ते? स्वतःच्या नावानं काय हाका मारत होतीस?"

ती म्हणाली, "माझं नव्हे ते, दाजी. अक्काचं."

मला समजेना. मग तिनं सांगितलं, खाली मान घालून.

अळणावरकडच्या त्यांच्या खेड्यात बायकोचं नाव शाळेत घातलं होतं. दोन महिने गेली. मग आई अंथरुणाला खिळली आणि थोरली म्हणून हिला घरात बसवलं. नाव मात्र पटावर तसंच राहिलं. हिला वाईट वाटायचं नाही का? वाटायचं. दोन वर्षांनी हिनंच धाकटीला कडेवर घेऊन शाळेत नेली. मास्तर म्हणाले, ही लहान आहे, पुढच्या साली आणा. सासऱ्यांनी सांगितलं, पटावर एक नाव आहेच की, त्या जागी हिलाच बसवा. मास्तरांनी बसवली. खेड्यात कोण विचारतंय.

पण पोरीला ते नाव आपलं वाटेना. हजेरी घेताना मास्तर नाव पुकारायचे आणि पोर गप्प. तर माझी बायको खिडकीबाहेर उभी राहायची. नाव आलं की आत हात घालून धाकटीला ढोसायची, "हजर म्हण. हजर म्हण गं." पंधरा दिवस असं चाललं. मग पोर आपणहून म्हणायला लागली आणि हिनं खिडकीशी जाणं बंद केलं.

त्याच नावावर बाई शिकली, नोकरीला लागली. त्याच नावाची पेन्शन खाते. तीन वर्षं आधीच रिटायर कशी झाली, तेही मला आत्ता कळलं. वयही अक्काचंच लागलं होतं. तेव्हा मी सगळ्यांसमोर चिडवलं होतं, मास्तरीण कामचुकार निघाली म्हणून. दोघी हसल्या होत्या.

मी बायकोला माहेरचं नाव विचारलं नव्हतं असं नाही. म्हणायची, "विसरले. सगळे अक्काच म्हणायचे." लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं मी नवं नाव काढलं, आईनं सांगितलेलं. तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मी सगळ्यांना सांगत फिरलो, हिला नाव फार आवडलं. आवडेल नाही तर काय! बिननावाचीच आली होती.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलोच.

"अक्का म्हणायची, दाजींना तर मुळीच सांगू नको. त्यांच्या तोंडाला कुलूप नाही, तुझी नोकरी घालवतील."

खरं आहे. नाही माझ्या तोंडाला कुलूप. म्हणून इथं ते नाव लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही.

बाई उठताना म्हणाली, "उद्या पाटी काढते, दाजी. परवा पेन्शनच्या ऑफिसात जाऊन खरं काय ते लिहून देते. जिचं नाव ती गेली. मी कुठल्या तोंडानं मिरवू?"

तोंड उघडलं तर काय बाहेर येईल, माझं मलाच ठाऊक नव्हतं. एक बायको सकाळी गेली होती, आणि दुसरी, जिला मी कधी बघितलंच नाही, ती आत्ता संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर दोरीवरच होती. खालची कड अजून ओली होती, माझ्या बाजूची. स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि मळमड्डीची बस धरली. सुतकातला माणूस असा कुणाच्या दारी जात नाही. गेलो.

बाई गेटपाशीच होती, हातात भाजीची सुरी. तीन स्क्रू काढलेले, चौथा गंजलेला. पाटी त्या एकावर लोंबत होती.

"हा निघेना, दाजी."

"सरक."

तिला वाटलं, मी काढायलाच आलोय. मी तिच्या मुठीतून तीन स्क्रू घेतले, पाटी सरळ केली आणि एकेक बसवायला लागलो.

"दाजी, हे काय करताय? अक्काचं आहे ते."

"गप्प बस. तिनं दिलं ते तिनं कधी मागितलं नाही. तू कोण परत देणार? ऑफिसात गेलीस तर याद राख."

ती रडायला लागली. मी पाटीवरची कानडी अक्षरं एकेक लावून मोठ्यानं वाचली. बायकोचं ते नाव मी पहिल्यांदाच घेत होतो.

बाई नुसती बघत राहिली.

"हजर म्हण," मी म्हणालो. "हजर म्हण गं."

म्हणाली शेवटी. मग मी चौथा स्क्रूही आवळला.