दातानं तोडलेला दोरा

श्रावणातल्या एका शनिवारी मी पुंडलिकनगरहून खुलताबादच्या मारुतीला अनवाणी चालत गेलो. दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नवस होता.

देवळाबाहेर एक म्हातारी रुईच्या पानांच्या माळा ओवत बसली होती. चिकानं तिची बोटं काळी पडली होती. माळ पुरी झाली की ती दोरा दातानं तोडायची.

माझ्यापुढच्या माणसानं ते पाहिलं आणि हातात घेतलेली माळ चिखलात फेकली.

"उष्टी माळ देवाला चालत नाही, एवढी अक्कल नाही का तुला?"

म्हातारीनं माळ उचलली आणि एकेक पान पदरानं पुसलं.

"मारुती दर शनवारी माझ्याच हातची माळ घालतो, बाबा. त्यानं अजून तकरार केली नाय. चालत नाय ते तुला."

तो आणखी चढ्या आवाजात बोलू लागला. मला त्याचा संताप आला होता, तरी नवस मोडेल म्हणून ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. म्हातारीनं एकदा माझ्याकडं बघितलं, थोडी थांबली, आणि पुढची माळ ओवायला घेतली.

घरी सगळ्यांनी माझ्या मौनाचं कौतुक केलं. त्या माणसाचा चेहराही आता आठवत नाही. अजून राग येतो तो माझाच.