श्रावणातले खेकडे

हल्ली मला चेतापेशींच्या संशोधनातली पहिली बाई वगैरे म्हणतात. तेव्हा मात्र सगळ्यांनी हट्टीच ठरवलं होतं. जिवंत पेशीतून जाणारी विजेची लहर मला पकडायची होती. पुण्यात माझ्या सरांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी लहर दाखव, नाहीतर विषय बदल." मेले तरी मी विषय बदलणार नव्हते.

भातखाचरातल्या खेकड्याच्या काही चेतापेशी मोठ्या असतात, म्हणून शनिवारी रिह्याला, आमच्या गावी काकीकडे गेले. आईमागं तिनंच मला वाढवलं. बांध धुंडाळून खेकडे धरले, ओल्या गोणपाटात घालून पडवीत ठेवले आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरभर रश्श्याचा घमघमाट!

आखाडाचा शेवटचा दिवस तो. अशा दिवशी घरात आलेल्या खेकड्यांचं दुसरं काय होणार? हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही दुसऱ्यांच्या तोंडी. मी भांडी आपटली, काकीला नाही नाही ते बोलले.

"आगं, खायाला न्हाई तर कशाला आनलंस?"

मी रडतच सगळं सांगितलं. काकी त्या रात्री जेवली नाही.

सकाळी मी एकटीच बांधावर गेले. पहिल्याच बिळात खेकड्यानं बोट असं धरलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. चिंधी बांधून दुसऱ्या बिळात हात घालणार, तोच मागून काकी आली. श्रावणात घरात अंडंही न येऊ देणारी बाई ती.

"मारनार हायेस त्यास्नी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "व्हय," मी म्हणाले.

ती पदर खोचून वाकली. "हो बाजूला. तुला धरता येत न्हाई."

सोमवारी पहिल्या खेकड्यात काही मिळालं नाही, दुसऱ्यातही नाही. सर उठायला लागले. "बसा," मी म्हणाले आणि तिसरा घेतला. यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ उडाली. पुन्हा उडाली. सर खाली बसले.

पुढच्या रविवारी काकीला सांगायला गेले, तेव्हा ती देवाला फुलं वाहत होती.

"घावली का तुजी लहर?"

"घावली."

तिनं हात जोडले. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आता मधीच सोडू नगंस. त्यांचा जीव फुकट जाईल."