ताटावरची तेरावी ओळ

वहिनीच्या ओट्यावर एक स्टीलचं ताट उभं असतं. त्यात कुणी जेवत नाही. माझ्या दादाने त्यावर बारा इंग्रजी शब्द कोरून घेतले होते. फोन बिघडला तरी या शब्दांनी क्रिप्टोचं वॉलेट, म्हणजे डिजिटल पैशांचं पाकीट, दुसऱ्या फोनवर परत उघडतं, आणि कागद जळतो, स्टील जळत नाही, असं त्याचं म्हणणं. भांड्यांवर नावं घालणाऱ्याने मात्र हाताच्या सवयीने खाली आणखी एक ओळ घातली, 'यांच्या स्मरणार्थ'. दादा हसतच ताट घेऊन आला होता. वहिनी हसली नव्हती. वर्षाच्या आत दादा गेला.

त्याचा फोन उघडेना, म्हणून काल वहिनीने शब्द वाचले आणि मी माझ्या फोनमध्ये भरले. मिरर, रिव्हर, फॉक्स, विंटर... एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आम्ही कोण, हे फोनने विचारलंच नाही. बारावा शब्द भरला आणि पडद्यावर आलं, 'पुन्हा स्वागत आहे.' म्हणजे हे शब्द जो ओळीने म्हणेल, तो दादा? वहिनीने नकळत पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, माझ्या नावाचं वेगळं वॉलेट करून द्या, त्याच्या नव्या शब्दांचं ताटही. पण ती ओळ नको."

आज नवं ताट घेऊन मी त्याच दुकानात गेलो. बाराच शब्द, असं दोनदा बजावलं. त्याने मान हलवली. बारावा शब्द कोरून झाला, पण यंत्राची घरघर थांबली नाही. त्याचा हात खालच्या ओळीवर सरकला.

मी त्याचं मनगट धरलं.