क्लचबाई आणि लाल रेघ

सकाळी वारा असा सुटला होता, की दोरीवरचे टॉवेल उडून शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाऊन बसले आणि शेजाऱ्यांचे पायजमे आपल्याकडे पाहुणे आले. ऊनही होतं, पण तेही धड एका जागी टिकेना. असल्या वाऱ्यात क्लचबाई दारातल्या तिन्ही गाड्यांच्या काचा पुसून टपांवर ‘शिकाऊ चालक’ अशा पाट्या लावत होत्या. पाट्या चुंबकाच्या. दोन बसल्या. तिसरी बसायच्या आत वाऱ्यानं उचलली आणि ती ताटासारखी गरगरत रस्त्यानं निघाली.

बाई मागं धावल्या. वय बावन्न, पायात रबरी चपला, हातात ओलं फडकं. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याच्या दुकानापुढं त्यांनी पाटी पायाखाली धरली, तेव्हा किल्लीवाला कानस खाली ठेवून म्हणाला, “बाई, तुमच्या गाड्यांपेक्षा तुम्हीच जोरात पळता की!”

“मला माझा ब्रेक माहितीये,” बाई म्हणाल्या आणि पाटी काखेत मारून परत फिरल्या.

खोटं नव्हतं ते. क्लचबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या सगळ्या वस्तीत ओळखल्या जात त्या त्यांच्या चालीवरून. नवरा, नणंद आणि बाई अशी तिघांची शाळा, अठरा वर्षांची. पहिल्याच वर्षी एका शिकाऊ गवंड्यानं गाडी थेट फर्निचरच्या दुकानात नेली आणि तीन जणांच्या सोफ्यापुढं नीट पार्क केली. कुणाला खरचटलंही नाही, पण बाईंनी त्या दिवशी धसका घेतला तो घेतलाच. तिन्ही गाड्यांच्या स्पीडच्या काट्यावर त्यांनी वीसच्या पुढचे सगळे आकडे पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकून टाकले. “जे दिसत नाही त्याची हाव सुटत नाही,” असं त्यांचं म्हणणं. शिकवताना त्यांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असायचा. काटा पट्टीकडं सरकला, की बाईंचा पाय पडलाच. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं.

आज तीन जणांची परीक्षा होती. दातांची डॉक्टरीण, केस कापणारा आणि सासूबाई.

सासूबाई म्हणजे बाईंच्याच सासूबाई. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं गणवेश शिवायच्या कारखान्यात मशिनवर काढलेली, त्यामुळं पाय अजून सुईसारखा चालायचा. पुलापलीकडं त्यांची धाकटी बहीण राहायची. गुडघे गेल्यामुळं ती घराबाहेर पडत नसे. तिला भेटायचं म्हणजे सासूबाईंना कुणाला तरी “सोडता का रे?” म्हणून विचारावं लागायचं, आणि हे विचारणं त्यांना जड जायचं. “मला माझ्या बहिणीकडं दुसऱ्याच्या सवडीनं जायचं नाही,” असं जाहीर करून त्या सुनेच्या गाडीत शिकायला बसल्या. पाच वेळा नापास झाल्या. परीक्षेचे साहेब दर वेळी मान हलवून एकच सांगायचे, “आजी, गाडी चालते तुमची. पोचत नाही.” बाईंना वाटायचं, सासूबाई घाबरतात. आज शिकाऊ परवान्याचा शेवटचा दिवस होता. साडेदहाला मैदानाचं फाटक बंद होणार. “आज झालं तर झालं,” सासूबाई म्हणाल्या होत्या, “नाहीतर पुन्हा या वयात पहिलीपासून बसणार नाही मी. राहीन आपली कुणी सोडेल तेव्हा जात.”

मैदान पुलापलीकडं, गल्ल्यांमधून आठ किलोमीटर. “वीसनं गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत,” बाईंनी हिशेब केला. “सव्वानऊला निघू. जाऊन, परत येऊन पुन्हा जाता येईल.”

त्यांची एक रीत होती. परीक्षेच्या दिवशी मोठा रस्ता घ्यायचा नाही. गोदामांमागच्या रिकाम्या गल्ल्यांमधून, मुंगीच्या पावलानं, शिकणाऱ्याचं मन शांत करत पुलापर्यंत जायचं. त्यात या आठवड्यात लेकीनं तिन्ही गाड्यांत रस्ता दाखवणारा नवा स्क्रीन बसवून दिला होता. लेक स्क्रू आवळता आवळता समजावत होती, “आई, रस्त्यावर ज्यांचे ज्यांचे फोन सरकतायत, ते किती वेगानं सरकतायत ते याला कळतं. जोरात सरकले तर रेघ हिरवी. रखडले तर लाल. मग हा तुला दुसऱ्या वाटेनं काढतो. प्रत्येकानं फोनमध्येपण नकाशा चालू ठेवा, म्हणजे चुकामूक नको.” बाई तेव्हा टायरची हवा बघत होत्या. अर्धं ऐकलं, अर्धं हवेबरोबर गेलं. फोनचं तेवढं मात्र शब्दाला शब्द पाळलं.

“अहो, तुम्ही आणि वन्सं पुढं व्हा,” बाईंनी नवऱ्याला सांगितलं. “रस्ता बघत जा. आम्ही पाच मिनिटांनी मागं येतो.”

नवऱ्याच्या गाडीत केस कापणारा, नणंदेच्या गाडीत डॉक्टरीण. दोन्ही गाड्या वरातीच्या चालीनं गेल्या. मग सासूबाईंनी पट्टा लावला, आरसा आपल्या उंचीला केला आणि गाडी हलली.

स्क्रीनमधून गोड आवाज आला. “पुढे वाहतूक संथ आहे. उजवीकडे वळा. तीन मिनिटं वाचतील.”

“ही कोण?” सासूबाई.

“रस्ता सांगते.”

“एका सुनेचं ऐकते तेवढं पुरे नाही का? ही दुसरी कुठून आणलीस?”

“लेकीनं आणली. वळा उजवीकडं.”

“तीन मिनिटं वाचतील म्हणे. वाचवून ठेवायची कुठं, डब्यात?” पण वळल्या. मुलांच्या शाळेमागच्या गल्लीत आल्या. गल्ली मोकळी. जरा पुढं गेल्या तर पुन्हा आवाज, “पुढे वाहतूक संथ आहे. डावीकडे वळा.”

“आज सगळं गावच परीक्षेला निघालंय वाटतं,” बाई म्हणाल्या. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“अगं, पुढं लाल दाखवतंय म्हणून मी मागं वळलो,” तो म्हणाला. “तू कुठं आहेस?”

“मीही लाल दाखवतंय म्हणून वळले.”

“बघ म्हणजे! काय गर्दी आहे आज!”

बाईंनी स्क्रीनकडं पाहिलं. जिकडं जावं तिकडं लाल रेघ पुढं हजर. एकीकडची पुसली, की दुसरीकडं उगवायची. डावीकडं वळा. उजवीकडं वळा. पुन्हा उजवीकडं. आणि बघतात तर समोर किल्लीवाल्याचं दुकान!

“विसरलं काही?” त्यानं ओरडून विचारलं.

“गर्दी आहे पुढं!” बाईंनी काच खाली करून सांगितलं आणि गाडी पुढं गेली.

दहा मिनिटांनी पुन्हा किल्लीवाला. आता त्यानं नुसता हात हलवला. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तो स्टूल घेऊन बाहेरच बसला होता. “दोन गाड्या आत्ताच गेल्या!” त्यानं बातमी दिली. “बाई, परीक्षा माझ्या दुकानाभोवतीच आहे का?”

सासूबाई हसायला लागल्या. बाईंना हसू येईना. घड्याळात दहा वाजून गेले होते आणि पूल अजून दिसलाही नव्हता. सासूबाईंच्या पर्समध्ये परवान्याचा तो कागद होता, त्यावर आजची तारीख. “सासूबाई, वळा, वळा,” म्हणत त्यांनी शाळेमागच्या गल्लीत पुन्हा गाडी घालायला लावली.

गल्लीच्या मधोमध पोचतात तो समोरून दोन गाड्या. नवऱ्याची आणि त्यामागं नणंदेची. नाकाला नाक लावून तिन्ही गाड्या थांबल्या.

“गर्दी कुठंय?” बाईंनी काचेतून विचारलं.

“आम्ही तुलाच विचारणार होतो,” नवरा म्हणाला.

मागच्या गाडीतून डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. “माझ्याकडं तर इथंच भडक लाल दिसतंय. अगदी सुजलेल्या हिरडीसारखं.”

“इथं?” केस कापणाऱ्यानं मान वळवून दोन्हीकडं बघितलं. भिंतीकडेला एक कुत्रं आडवं पसरलं होतं. त्यानं एक डोळा उघडून या लोकांकडं बघितलं आणि मिटला. “या कुत्र्याची गर्दी म्हणायची का?”

बाई स्क्रीनवर वाकल्या. एक जाडजूड लाल रेघ आणि तिच्या बरोबर पोटात त्यांच्याच गाडीचा बाण. लेकीचं अर्धं ऐकलेलं बोलणं आता मागून धावत आलं. रखडले, तर लाल. त्यांनी मोजलं. या गाडीत स्क्रीन एक, आपला फोन, सासूबाईंचा फोन. तीन. तिकडं तीन. मागं तीन. नऊ यंत्रं रिकाम्या गल्लीत रांगतायत, आणि सकाळपासून तीच एकमेकांना वाट सोडायला लावतायत.

“अहो,” बाई हळूच म्हणाल्या, “ही गर्दी म्हणजे आपणच.”

मग डॉक्टरीण फिस्सकन हसली, आणि गल्लीभर हसण्याचा असा भडका उडाला, की कुत्रं उठून निघून गेलं. नणंद स्टिअरिंगवर हात आपटत होती. नवरा डोळे पुसत होता. सासूबाई तर ओरडूनच म्हणाल्या, “काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वर तीन मिनिटं वाचली!”

मग त्याच हसत्या तोंडानं त्या सुनेकडं वळल्या. “म्हणजे साहेब खरं बोलत होते गं. मी घाबरत नव्हते कधीच. काटा पट्टीला लागायच्या आत तुझा पाय पडायचा, मग परीक्षेतही माझा पाय वीसच्या पुढं जाईना.”

बाईंचं हसू तोंडातच राहिलं. दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. मोठ्या रस्त्यानं गेलं तरी अजून पाच किलोमीटर.

“वीसनं गेलो तर?” त्यांनी स्वतःलाच विचारलं.

“पंधरा मिनिटं,” सासूबाई म्हणाल्या. आयुष्यभर कापडाचं माप घेतलेली बाई, चूक होणं शक्य नव्हतं. “फाटक बंद. मापात बसत नाही. पुलावर पाटी आहे चाळीसची. चाळीसनं गेलं, तर शिलाईपुरतं कापड उरतं.”

बाईंनी काट्यावरच्या पट्टीच्या टोकाला नख लावलं. अठरा वर्षांची पट्टी, सुखासुखी निघेना. करकर आवाज करत ती निघाली, आणि आतून तीस, चाळीस, पन्नास, साठ असे सगळे आकडे कोरे करकरीत बाहेर आले, जणू कुणी वापरलेच नव्हते. वापरले नव्हतेच.

“अहो, मागं घ्या गाड्या!” बाई ओरडल्या. “पुलाकडं! मोठ्या रस्त्यानं! आणि चाळीस!”

“किती?” नवऱ्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“चाळीस!”

आधी डॉक्टरीणबाई मागं सरकल्या, हळूहळू, दात उपटावा तशा. मागोमाग केस कापणारा, भांग पाडावा तसा सरळ. गल्ली मोकळी झाली. सासूबाईंनी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. चौथा सापडायला जरा वेळ लागला, कारण तिथं त्या कधी गेल्याच नव्हत्या.

बाईंचा पाय सवयीनं आपल्या ब्रेकवर गेला. त्यांनी उचलला. पुन्हा गेला. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी ठोकून बसल्या.

“हे काय गं?”

“पायांवर भरवसा नाही माझा. तुम्ही रस्त्याकडं बघा!”

गाडी पुलावर चढली. वारा खिडकीतून आत आला आणि बाईंचा अंबाडा सुटला. खाली नदी चकाकत होती. सासूबाईंचा पाय मशिनच्या पायट्यावर असावा तसा हलका, एका लयीत, आणि काटा चाळीसला टेकून असा स्थिर, की रंगवल्यासारखा. पुढच्या गाडीतून केस कापणारा “होऽऽ” करून ओरडत होता. बाईंच्या मनात भीती आणि आनंद यांची अशी काही फुगडी चालली होती, की त्यांना ओरडावंसं वाटलं, आणि त्या ओरडल्याही. काय ओरडल्या ते त्यांनाही नंतर आठवेना.

स्क्रीनवरची रेघ हिरवीगार होती. “आपण सर्वात जलद मार्गावर आहात,” गोड आवाज म्हणाला.

“आत्ता कळलं हिला!” सासूबाई म्हणाल्या.

फाटकावरचा शिपाई कडी लावायला उठला होता, तेव्हा तीन गाड्या एकामागं एक आत आल्या. दहा अठ्ठावीस. बाई अनवाणीच खाली उतरल्या.

साहेबांनी सासूबाईंना सगळ्यात आधी घेतलं. बाई कुंपणापाशी उभ्या राहिल्या. हातात अजून ती चिकटपट्टी होती, ती त्या बोटांना गुंडाळत होत्या, सोडवत होत्या. गाडी मैदानाबाहेर गेली, फेरी मारून परत आली. साहेब उतरले ते टोपी सारखी करत.

“पाच वेळा मला या गाडीत डुलकी लागली होती,” ते बाईंना म्हणाले. “आज पट्टा आवळून बसलो. पोचल्या आजी. पास.”

डॉक्टरीणही पास झाली. केस कापणारा मात्र राहिला. आरशात मागची गाडी बघायची सोडून तो स्वतःचे केस बघत होता, असं साहेब म्हणाले. तो म्हणाला, पुलावरच्या वाऱ्यात भांग विस्कटला होता, मग काय करणार?

सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. पासचा कागद पर्समध्ये घालून त्यांनी काच खाली केली. “मी बहिणीकडं जाऊन येते. चहा तिथंच घेईन.”

“मी येऊ?” बाईंनी विचारलं.

“कशाला?” सासूबाई म्हणाल्या, आणि मग जरा मवाळ होऊन, “रात्रीच्या आत येते गं. या रस्ता सांगणाऱ्या माझ्या दुसऱ्या सुनेला चालू ठेवते. चपला घे तुझ्या.”

बाईंनी चपला घेतल्या. मग हात वर करून टपावरची ‘शिकाऊ चालक’ची पाटी ओढून काढली, काखेत धरली आणि बाजूला झाल्या. गाडी फाटकातून गेली, वळणावर बरोबर दिवा लागला आणि दिसेनाशी झाली.

बारा वाजता दारात नवी विद्यार्थिनी येऊन उभी होती, बँकेतली रोखपाल, पहिलाच दिवस. बाईंनी आधी शेजाऱ्यांच्या गॅलरीतले टॉवेल मागून आणले, त्यांचे पायजमे परत केले. मग उरलेल्या दोन गाड्यांच्या काट्यांवरच्या पट्ट्या नखानं आणि ओल्या फडक्यानं खरवडून काढल्या. डिंकाचा चिकटा राहिला होता, तो रॉकेलनं पुसला. वारा अजून सुटलेलाच होता, म्हणून पाटी टपावर बसवून या वेळी सुतळीनं दोन्ही दारांतून आवळून बांधली. गाठ मारली, ओढून बघितली.

“बसा,” त्या रोखपालबाईंना म्हणाल्या आणि स्वतः शेजारी बसल्या, पाय खाली, पण ब्रेकपासून वीतभर लांब ठेवून. “आरसा नीट करा. केसांसाठी नाही, रस्त्यासाठी. हं. आता क्लच दाबा.”