पाठीमागचे हात

फरीदाबादच्या मॉन्टेसरी शाळेत माझ्या लेकीच्या सातवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या नागपूरच्या बाई कायम हात पाठीमागे बांधून उभ्या असतात. मध्ये मध्ये करायची स्वतःची खोड मोडावी म्हणून, असं त्याच सांगतात.

परवा मुलांनी पालकांसाठी पोहे केले. बाईंनी लेकीला कृती मराठीत लिहून दिली होती: पोहे धुऊन निथळत ठेव. तिने ते खुशाल पाण्यातच ठेवले. मी धावले.

"अहो, थांबा ना," बाई म्हणाल्या. पाठीमागे त्यांची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती.

पोह्यांचा लगदा झाला. बाईंनी बशीभर खाल्ला.

मग लेक त्यांच्याजवळ गेली. "दीदी, निथळणं म्हणजे?"

बाईंचे पाठीमागचे हात सुटले आणि चाळणीकडे गेले.

मराठी शब्दाचा अर्थ तिने मला कधीच विचारलेला नाही. विचारायच्या आत मी सांगून मोकळी होते.