कालवा राहील

हिराक्का गेल्याचं तिच्या लेकानं जतहून फोन करून सांगितलं. दुपारची वेळ, मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. "आई गेली, बाई," एवढंच म्हणाला. आणि माझ्या मनात आधी काय यावं? रडू नाही, राग आला. जन्मभर 'मत घ्या, मत घ्या' करून सगळ्यांचा जीव खाणारी ही बाई, स्वतः जाताना मात्र कुणाचंही मत न घेता गेली! घेतलं असतं तर तिचा ठराव सपाटून पडला असता. हे तिला पक्कं ठाऊक असणार, म्हणूनच घेतलं नसेल... त्याला आता काही आठवडे झाले, तरी माझा राग काही उतरलेला नाही. तेव्हा हा लेख रागातच वाचावा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सांगलीत माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं आणि तिथं मी एक कॉम्प्युटर आणला होता. त्या काळची मी आज समोर आले तर मला हसू आवरणार नाही. कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला दोरी आणि चेहरा असा, की समुद्राखालून इंटरनेटच्या तारा मीच टाकून आले आहे. कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल, पुढ्यात उदबत्ती. चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नव्हता. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट लागताना जो खरखर आवाज व्हायचा, तेवढा वेळ मी सगळ्यांना उभं राहायला लावत असे! राष्ट्रगीताला तरी आम्ही इतक्या ताठ उभ्या राहत होतो की नाही, शंका आहे.

हिराक्का आली ती चपला घालूनच. जतची. नवरा सांगलीत सरकारी कचेरीत शिपाई होता, तो वारल्यावर त्याच्या जागी ही लागली. क्लार्क व्हायचं तर टायपिंगची परीक्षा हवी, म्हणून कचेरी सुटल्यावर संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. मी पायांकडे पाहिलं, तर म्हणाली, "आवं बाई, मशीनला वास येतुय व्हय?" पुढच्या आठवड्यात बॅचमधल्या सगळ्याच जणी चपलांसकट आत यायला लागल्या. उदबत्ती तेवढी राहिली.

माझा पुतण्या अविनाश अमेरिकेत इंजिनिअर. त्यानं एक खेळ सुरू केला होता. कॉम्प्युटरवर राज्य वसवायचं, शहरं बांधायची, शेती करायची, शेजाऱ्यांशी लढायचं किंवा जमवून घ्यायचं. पण राजा कुणीच नाही. राज्य त्याच्या मशीनवर चालायचं आणि पुढचं पाऊल काय टाकायचं ते देशोदेशीची मराठी माणसं ईमेलनं मत देऊन ठरवायची. बहुमत होईल तसं अविनाश खेळायचा आणि काय झालं ते सगळ्यांना कळवायचा. "काकू, तुम्हीपण या," म्हणाला. मी माझ्याबरोबर संध्याकाळच्या बॅचच्या सातजणींना ओढलं. तिकडे साताऱ्याहून माझे मामाही खेळात आले, पाटणकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एसटीडी बूथवाल्याच्या कॉम्प्युटरवर बसून ते दर वेळी एकच मत द्यायचे : हमला करा.

आमच्या आठजणींत ईमेलचा पत्ता एकच, माझा. गल्लीत एका घरी फोन असला की सगळ्या गल्लीचे फोन तिथंच येतात, तसंच हे, असं आम्ही धरून चाललो. जी ती आपलं मत मला सांगायची आणि मी टाइप करायची. नुसती टाइप करत असते तर बरं होतं. मी पडले शुद्ध भाषेची पुजारीण! कुणी म्हणायची, "मरूं दे ती लढाई, आदी पोटाचं बगा," आणि मी लिहायची, 'माझ्या नम्र मते, युद्धापेक्षा अन्नधान्यास प्राधान्य द्यावे.' आठही मतं अशी आंघोळ घालून, भांग पाडून मी अमेरिकेला रवाना करत होते.

व्हायचं तेच झालं. खेळाच्या ईमेल-यादीवरचे बाकीचे लोक कुरकुरायला लागले, की ही आठ माणसं नाहीत, एकच बाई आहे. अविनाशनं कळवलं, यापुढे एका पत्त्याला एकच मत.

मी ते पत्र वाचून दाखवलं आणि लगेच शहाण्यासारखी म्हणाले, "जाऊ द्या गं, खेळच तर आहे."

हिराक्का उठून उभी राहिली. "खेळ? बाई, आमच्या गावात आमचं पाणी येगळं, वाट येगळी, मसनवटा येगळा. रांग तेवढी एकच हुती, मताची. त्या रांगेत माझा बाप पाटलाच्या म्होरं हुबा ऱ्हायचा. नवं धोतार नेसून जायचा. आन् तुमी म्हंता जाऊ द्या?" मग माझ्याकडे वळली. "रेशनकार्ड एक असलं म्हंजी घरात तोंडं एक असत्यात व्हय? आन् तुमी तरी कशाला आमचं बोलणं इस्तरी करून धाडताय? सरका, उठा खुर्चीतनं."

त्या दिवशी आठजणींनी आपापलं मत आपापल्या बोटानं टाइप केलं. तेव्हा मराठी अक्षरं ईमेलमधून जात नसत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. कुणी जेवणात काय केलं तेही कळवलं. एकीनं पहिल्या ओळीत सासूची तक्रार घातली. हिराक्कानं मराठीत कानडी मिसळून, कॅप्स लॉक दाबून, अथपासून इतिपर्यंत मोठ्या अक्षरांत लिहिलं. अविनाशचं उत्तर आलं, 'अशी मोठी अक्षरं म्हणजे ओरडल्यासारखं वाटतं.' हिराक्का म्हणाली, "मग बराबर पोचलं म्हना की."

आमची आठ मतं धरायची की नाही, यावर यादीत मतदान झालं. त्यात आम्हाला मत एकच! तरी आम्ही जिंकलो, अगदी काठावर. तारलं ते मामांनी. त्यांनी लिहिलं, 'एका बरॅकीत सगळी पलटण राहते, म्हणून बंदूक एकच देतात काय? मत मोजा.'

आणि लगेच पुढच्या खेपेला आम्ही मामांनाच पाडलं. आमच्या राज्याच्या पूर्वेला कोरड्या कोपऱ्यात एक गाव होतं. हिराक्कानं भांडून त्याचं नाव जत ठेवायला लावलं होतं. खजिन्यात होतं त्यात एक तर शेजाऱ्यावर हल्ला होणार होता, नाही तर जतपर्यंत कालवा. मामा फोनवर गरजले, "अगं मालू, अब नहीं तो कभी नहीं! शेजारी फौज जमवतोय." मी मामांची लाडकी भाची, क्षणभर डगमगले. हिराक्का नुसती माझ्याकडे बघत राहिली. टँकरमागं घागर घेऊन धावलेल्या बाईच्या त्या नजरेसमोर लढाईचं बटण कोण दाबणार? आठच्या आठ मतं कालव्याला पडली. कालवा झाला.

आणि शेजारी खरंच चालून आला. राजधानी पडली, मग एकेक शहर पडत गेलं. यादीवर आमच्या नावानं खडे फोडले गेले. शेवटी उरलं ते फक्त जत. पाणी होतं, धान्य होतं, शेजाऱ्यानं वेढा घालून घालून नाद सोडला. बाकी राज्य बुडालं आणि खेळ आम्ही हरलो. कुणीतरी विचारलं, "काय अक्का, चुकलंच ना?" ती म्हणाली, "पुन्हा मत घ्या. पुन्हा कालवाच म्हनीन."

ती क्लार्क झाली, निवृत्त झाली, जतला परत गेली. खेळाची यादी कधीच बंद पडली होती, पण उरलेसुरले आम्ही आता व्हॉट्सॲपवर आहोत. तिथं परवा अविनाशनं लिहिलं, की तो जुना खेळ त्याच्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या डबड्यात अजून जपलेला सापडलाय. कालव्याच्या मतदानाच्या आधीपर्यंत मागं जाता येतं. तेव्हा हिराक्कांना श्रद्धांजली म्हणून आपण तिथून पुन्हा खेळू, या वेळी आधी हल्ला करू, राज्य वाचवू आणि तो विजय त्यांच्या नावे करू. भराभर होकार पडले. हात जोडलेली चित्रं, फुलं, दिवे... अविनाशनं लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर समजतो.'

विजय म्हणे तिच्या नावे! तिचा कालवा बुजवून?

चाळिशीतली मी असते, तर 'माझ्या नम्र मते' अशी सुरुवात केली असती. पण इन्स्टिट्यूटमधला तो कीबोर्ड मी अजून टाकलेला नाही. त्याचं कॅप्स लॉकचं बटण तिच्या बोटानं झिजून गुळगुळीत झालंय. तो कपाटातून काढला आणि नातवाच्या कॉम्प्युटरला जोडून द्यायला लावला. बटण दाबलं. एका बोटानं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत मत दिलं : नाही. कालवा राहील. मोजा.

थोड्या वेळानं साताऱ्याहून मामांचंही आलं. आता त्यांना नीट दिसत नाही, सून टाइप करून देते. दोनच शब्द होते : मत मोजा.

मग अविनाशचा निरोप आला, "काकू, ओरडताय का?"

मी लिहिलं, व्हय.